१९९४ ची बोट, तडकलेला ५.७ ब्लॉक: तेच इंजिन परत, ट्रकचं, की सरळ आउटबोर्ड?

सेंटक्लेअरकर
मंडळी, मी डेट्रॉइटजवळ राहतो, लेक सेंट क्लेअर घरापासून वीस मिनिटांवर. यंदा १९९४ ची २० फुटी बाउरायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असलेली बोट) घेतली. बाहेरून धडधाकट, ट्रेलर उत्तम. इंजिन मर्क्रूझर ५.७, म्हणजे जीएमचं ३५० घनइंची व्ही-८, मागे अल्फा वन जेन टू ड्राइव्ह (इंजिनाची ताकद प्रॉपेलरला पोचवणारा गिअरचा भाग). आधीच्या मालकाने हिवाळ्यात ब्लॉकमधलं पाणी न काढताच ठेवली, त्यामुळे ब्लॉक बाजूने तडकलाय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ. म्हणून तर जवळपास फुकटात मिळाली.
आता एक पर्याय रिमॅन्युफॅक्चर्ड मरीन लाँग ब्लॉकचा (ब्लॉक, हेड, कॅम जोडून तयार मिळणारं इंजिन), चार हजार डॉलरच्या घरात. एक मित्र म्हणतो जंकयार्डातून शेव्ही ट्रकचं ५.७ उचल. शेजारी म्हणतो सगळं उपटून मागे आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगायचं इंजिन, लाव. माझा कल पहिल्याकडे आहे. भांडलात तरी चालेल, पण सांगा.

तेरा_नंबरचा_पाना
पहिलाच पर्याय. माउंट, कपलर (इंजिन ड्राइव्हला जोडणारा भाग), वायरिंग, ड्राइव्हचा गिअर रेशो, सगळं त्याच इंजिनाला बेतलेलं आहे, उगाच कशाला घोळ? फक्त एका ठिकाणी फसशील. १९९६ पासून जीएमने व्होर्टेक हेड (हेड म्हणजे ब्लॉकवर बसणारा झडपांचा भाग) आणली. तुझ्या जुन्या हेडवर इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारा भाग) बारा बोल्टांवर बसतो, व्होर्टेकवर आठ. विकणारा "३५० म्हणजे ३५०" म्हणत व्होर्टेकवालं गळ्यात मारेल आणि तुझा इनटेक त्यावर बसणार नाही. व्होर्टेक चांगलीच आहेत, ताकद थोडी जास्तच मिळते, पण मग इनटेकचे पैसे आधीच धर. ऑर्डरवर हेड कुठली ते लिहून घे.

जुगाडू_पुणेकर
'मरीन' हा शब्द चिकटला की भाव दुप्पट! अरे, त्या काळी मर्क्रूझर ब्लॉक जीएमकडूनच घ्यायचं, लोखंड तेच. ट्रकचं इंजिन आण, पितळी फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या भोकांची बुचं) आणि मरीन हेड गॅस्केट घाल, तुझ्या फुटक्या इंजिनावरचा स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर चढव. निम्म्यात काम.

तेरा_नंबरचा_पाना
@जुगाडू, फ्युएल पंप कुठे लावणार? त्याची बोट कार्ब्युरेटरची, यांत्रिक पंपाची. ट्रकमधल्या बऱ्याच व्होर्टेक ब्लॉकांना त्या पंपाचं भोकच पाडलेलं नसतं. मग इलेक्ट्रिक पंप, त्याला ऑइल प्रेशरचा कटऑफ, वेगळी वायरिंग.
दुसरं, जंकयार्डातल्या इंजिनात आधीच्या पोराने कुठला कॅम (झडपा उघडणारा दांडा) घातलाय हे कोण सांगणार? स्टॉक असेल तर निभावेल. जास्त ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही झडपा जास्त वेळ एकदम उघड्या ठेवणारा, असेल तर आयडलवर एक्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये ओढलं जातं. कारच्या सायलेन्सरमध्ये पाणी सोडलेलं नसतं, इथे असतं.

बिल्ज_ब्लोअर
पैशाचं तुम्ही बघा, मी एकच सांगतो. जुने मरीन पार्ट चढवायचे ठरवून ऐनवेळी "हा कारचा स्टार्टर नवाकोरा आहे, हाच लावू" असं होतं. ते करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. कारमध्ये ती खालून निघून जाते, बोटीत इंजिनाखालच्या खोलगट बिल्जमध्ये साचते. कारच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणूनच यूएस कोस्ट गार्डच्या नियमात हे विजेचे भाग ठिणगी बाहेर न पडणारे लागतात आणि सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायला सांगतात. तो स्टार्टर बाहेरून अगदी सारखा दिसतो, घोटाळा तिथेच आहे.

जुगाडू_पुणेकर
मी जुना मरीन स्टार्टरच चढव म्हटलं होतं, साहेब. वाचा तरी. आणि एवढा खर्च करणारच असाल तर ३८३ स्ट्रोकर (३५० चंच वाढवून ३८३ घनइंची केलेलं इंजिन) का नाही? थोड्या जास्त पैशांत मजा तरी येईल.

तेरा_नंबरचा_पाना
कारण अल्फा ड्राइव्ह साधारण ३०० हॉर्सपॉवरपर्यंतच सोसतो. ३८३ घातलं की पहिली मजा इंजिनाची, दुसरी ड्राइव्हचे गिअर गोळा करण्याची. त्याला ब्राव्हो, हा दणकट ड्राइव्ह लागतो, आणि ब्राव्होला ट्रान्समची (बोटीच्या मागच्या भिंतीची) वेगळी असेंब्ली.

देवबागकर
तुमचं वाचून गंमत वाटली. आमच्याकडे मालवणात पर्यटनाच्या बोटी बघा, मागे आउटबोर्डच. वाळूवर आली की मशीन वर उचलायचं. बिघडलं तर बोल्ट सोडून दुसरं टांगायचं आणि दुपारच्या फेरीला हजर. तुम्ही ते धूड बोटीच्या पोटात घालून वर त्याला ड्राइव्ह, बेलो, गिंबल बेअरिंग जोडता. इंजिन नवं घालाल, पण ड्राइव्ह तीस वर्षांचाच राहणार ना? पुढच्या वर्षी तो बोंबलला की परत इथेच धागा काढाल.
वजनही बघा. मर्क्युरीचं ३.४ लिटरचं २०० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड साधारण २१५ किलो. तुमचं व्ही-८ आणि ड्राइव्ह मिळून चारशेच्या वर.

सेंटक्लेअरकर
देवबागकर, मुद्दा मान्य, पण आमचं तळं गोड्या पाण्याचं. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर समुद्रात चार-पाच वर्षांत खलास होतात, इथे कितीतरी जास्त टिकतात. आणि नवं २०० आउटबोर्ड वीस हजार डॉलरच्या पुढे. एव्हिनरूडचं ई-टेक आउटबोर्ड स्वस्तात मिळतंय म्हणा…

बिल्ज_ब्लोअर
एव्हिनरूड बनवणाऱ्या बीआरपी कंपनीने ते २०२० मध्येच बंद केलं. स्वस्त आहे ते उगाच नाही.

देवबागकर
स्वस्ताईचं म्हणाल तर पेट्रोलही बघा. आमच्या पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल), आणि बोटीच्या इंजिनवाल्यांची हमी ई-१० पर्यंतची. टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल ते ओढून तळाशी बसतं आणि कार्ब्युरेटरची वाट लागते. तुमच्याकडे काय?

सेंटक्लेअरकर
इथे ई-१०. ई-१५ बोटीत घालायला बंदीच आहे.

तेरा_नंबरचा_पाना
धागा पेट्रोलकडे नेऊ नका राव. @सेंटक्लेअरकर, इंजिनाची ऑर्डर द्यायच्या आधी ट्रान्सम तपासलास का? आत प्लायवूड असतं. हातोडीच्या मुठीने सगळीकडे ठोकून बघ, कुठे आवाज बद्द येतो का. संशय आला तर आतल्या बाजूने छोटं भोक पाडून भुसा बघ. मग स्ट्रिंगर (तळाला बळकटी देणारे लांब वासे), विशेषतः इंजिनाच्या माउंटखाली. तिथलं लाकूड मऊ असेल तर अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आणायचा दांडा) घालून कितीही जुळव, महिन्याभरात हलणार आणि कपलरचे दाते खाणार.

सेंटक्लेअरकर
(चार दिवसांनी) ठोकलं. वरचा भाग खणखणीत. ड्राइव्हच्या भोकाच्या खाली, डाव्या अंगाला बद्द. भोक पाडलं तर भुसा काळपट, ओला, बोटांनी दाबला तर पाणी. स्ट्रिंगर मात्र कोरडे.

देवबागकर
मग झालंच की! ट्रान्सम खोलणारच आहात तर ते ड्राइव्हचं भोक कायमचं बुजवा, २५ इंची शाफ्टच्या आउटबोर्डला लागेल तशी उंची करून घ्या. दोनदा तोडफोड कशाला?

तेरा_नंबरचा_पाना
वा! ट्रान्समच्या मजुरीवर आणखी वीस हजार डॉलरचं इंजिन. माझ्या मते नवं इंजिनही नको आणि आउटबोर्डही नको. सप्टेंबर-ऑक्टोबरात लोक हिवाळी पार्किंगचं भाडं वाचवायला बोटी काढून टाकतात. त्यात हल (बोटीचा सांगाडा) सडलेली पण ५.७ आणि अल्फा जेन टू ठणठणीत असलेली एक शोध, आणि पाण्यात चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. इंजिन, ड्राइव्ह, ट्रान्सम असेंब्ली तिन्ही एकदम मिळतील. तोवर सावकाश तुझा ट्रान्सम कर.

जुगाडू_पुणेकर
म्हणजे शेवटी जंकयार्डच ना?

तेरा_नंबरचा_पाना
हो, पण बोटींचं. आणि फुल थ्रॉटलला ४४०० ते ४८०० आरपीएम येतात का ते तिथेच बघ, नाहीतर प्रॉपेलरचा पिच (पात्यांचा तिरकसपणा) बदलायचा खर्चही त्या बोटीच्याच किमतीतून कापून घे.