आईबाबा आले, म्हणून इंग्लंड पाहिलं

शिकायला लंडनला गेले, तेव्हा वर्षभरात मला पाठ झालेलं शहर म्हणजे खोली, लायब्ररी आणि संध्याकाळी पिवळ्या चिकट्या लावून पाव स्वस्तात काढणारं सुपरमार्केट. ग्रीनिच पाहिलं ते आईबाबा आले तेव्हा. परवा एका मैत्रिणीनेही तिचं हेच सांगितलं, म्हणून हा धागा. तिकडे शिकत असताना घरचं कोणी आलं असेल तर लिहा. कुणाला कुठे नेलंत, काय फसलं, काय भलतंच निघालं. 'बघण्यासारखी 10 ठिकाणं' नकोत, ती गुगल देतं. सुरुवात माझ्यापासून.

लंडन, जून 2017

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांना राजवाडा नको होता, लंडन आय नको होतं, शून्य रेखावृत्त हवं होतं. जन्मभर फळ्यावर जी रेघ काढली ती एकदा पायाखाली घ्यायची, बस. वेधशाळेच्या अंगणातल्या पट्टीवर उभं राहायला तिकीट आहे म्हटल्यावर रुपयांत हिशेब झाला आणि चेहरा पडला. पण तीच रेघ भिंतीबाहेरच्या पायवाटेवर फुकट भेटते, हे मी आदल्या रात्रीच शोधून ठेवलं होतं. एक पाय पूर्वेला, एक पश्चिमेला, फोटो झाला.

खरी गंमत फाटकापाशी. तिथे भिंतीत 1852 सालचं घड्याळ आहे. तबकडी 24 तासांची, त्यामुळे बाराला काटा सरळ खाली, आपल्या सहाच्या जागी. बाबांनी मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तासभर मागे आहे हे. जगाला वेळ वाटणाऱ्यांचं घड्याळ मागे?" मागे नव्हतं. ते बाराही महिने ग्रीनिच वेळ दाखवतं. उन्हाळ्यात इंग्लंडमधली बाकी घड्याळंच तासभर पुढे केलेली असतात. एवढ्यात वरच्या खांबावरून लाल गोळा खाली आला. तो 1833 पासून दुपारी एकला पडतो, नदीतल्या जहाजांना आपली घड्याळं लावून घेता यावीत म्हणून. आता उन्हाळ्यात तो लोकांच्या घड्याळातल्या एकला पडतो. म्हणजे डोक्यावर एक आणि भिंतीत बारा! पुढचा अर्धा तास बाबा तिथेच उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक भारतीय कुटुंबाला हे समजावत होते. आई म्हणाली, "भरली शाळा."

आईची अडचण वेगळीच. रात्री सव्वानऊपर्यंत उजेड, मग तिन्हीसांजेचा दिवा लावायचा कधी? शिवाय माझ्या हॉस्टेलमध्ये मेणबत्तीलाही बंदी. शेवटी तिनेच तोड काढली. पुण्यात आजी सातला दिवा लावते, तेव्हा इकडे अडीच वाजलेले असतात. मग रोज दुपारी अडीचला आम्ही जिथे असू तिथे ती डोळे मिटून हात जोडायची. एकदा बसच्या वरच्या मजल्यावर, एकदा चिप्सच्या रांगेत.

ब्रिस्टल, 2016

आई आणि मामा आले होते. दोघंही कणकवलीकडचे. ब्रिस्टलहून बाथ रेल्वेने पाव तासावर, म्हणून पहिल्याच दिवशी रोमन स्नानगृहं बघायला नेलं. पाणी जमिनीतून 46 अंशांवर वर येतं, वाफा येत असतात, पण त्यात उतरू देत नाहीत. मामा जाम खट्टू. राजापूरच्या उन्हाळ्यात, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यात, आंघोळ केलेला माणूस, त्याला नुसतं काठावरून बघायचं म्हणजे काय! शेवटी पेल्यातून चव घ्यायला देतात. मामाने एक घोट घेतला आणि काही न बोलता पेला माझ्या हातात दिला.

मी कंटाळवाणं समजून पटकन ओलांडणार होतो ते दालन होतं शिशाच्या पत्र्यांचं. रोमन काळात इथे कुणाची वस्तू चोरीला गेली की तो माणूस पत्र्यावर देवीला मजकूर लिहायचा आणि गुंडाळी करून झऱ्यात टाकायचा. असे सुमारे 130 पत्रे सापडलेत. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले होते. त्याची मागणी अशी की चोराची बुद्धी आणि डोळे देवीच्या देवळातच जावोत. मी हे आईला मराठीत सांगत होतो, तर ती मधेच म्हणाली, "अरे, ह्यां तर गाऱ्हाणां! आमच्या रवळनाथाक घालतत तसां." मग मी नीट सुरात वाचायला लागलो, आणि पहिलं वाक्य संपताच मामा मागून खणखणीत आवाजात, "व्हय म्हाराजा!" आजूबाजूचे चार जपानी पर्यटक दचकले. पुढच्या प्रत्येक पत्र्याला व्हय म्हाराजा. कुणाचा झगा गेलाय, कुणाचे पैसे गेलेत, सगळ्यांची गाऱ्हाणी मामाने देवीपर्यंत पोचवली. बाहेर पडताना आईचा निकाल: "दोन मोज्यांसाठी डोळे? जरा जास्तच झालां."

त्या एका दालनात आम्ही दीड तास होतो. बाथमधल्या प्रसिद्ध अर्धगोल इमारतींच्या वाट्याला 10 मिनिटं आली.

लंडन, दिवाळीची सुट्टी, 2024

आम्ही साताऱ्याचे. दादा, वहिनी आणि चौथीतला पुतण्या आले होते. चौथीच्या इतिहासात शिवाजी महाराज, म्हणजे पोरगा पूर्ण तयारीनिशी आलेला. विमानतळावरच विचारलं, "काका, वाघनखं कुठल्या दिवशी?"

मी एमएस्सीच्या धबडग्यात, बातम्यांशी संबंध तुटलेला. रविवारी सगळी वरात साउथ केन्सिंग्टनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. प्रवेश फुकट, म्हणून दादाही खूश. माहितीच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्यांनी संगणकात पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, ती तर भारतात गेली आहेत, तीन वर्षांसाठी. "भारतात कुठे?" त्यांनी उच्चारायचा प्रयत्न केला आणि आम्हाला तिघांनाही एकदमच कळलं. सातारा.

ती जिथे ठेवली होती ते साताऱ्याचं संग्रहालय दादाच्या घरापासून चालत 10 मिनिटं. जुलैमध्ये वाघनखं आली तेव्हा तिथे गर्दी होती, म्हणून दादा म्हणाला होता, "गावातच आहेत, बघू सावकाश." वहिनीने तिथल्या तिथे त्याच्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. तशी ती नखं साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आलेली, आणि ती नेमकी 1659 मधलीच का, याची खात्री लंडनचं म्युझियमही देत नाही. पण हे चौथीतल्या मुलाला सांगायची माझी छाती नव्हती.

दिवस वाचवला टिपूच्या वाघाने. लाकडी वाघ गोऱ्या माणसाच्या नरडीवर बसलाय, पोटात ऑर्गन. 1799 मध्ये श्रीरंगपट्टणहून उचलून आणलेला. पोरगा त्याच्यासमोरून हलेना. निघताना म्हणाला, "हा पण आपल्याकडे पाठवतील का?"

मँचेस्टर, 2019

थोडकं आणि व्यवहाराचं. लंडनच्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. मी माझं टॅप करून तेच बाबांच्या हातात दिलं, फाटक उघडलं नाही, मी आत, ते बाहेर, मागे ऑफिसला निघालेली अख्खी दुनिया. आईबाबा दोघं सगळीकडे एकत्र फिरणार असतील तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. आणि बाबांना 100 ने गुणू देऊ नका. आमचे बाबा कॉफी समोर आल्यावर गुणायचे, मग ती कॉफी कुणालाच गोड लागायची नाही.

लीड्स, 2018

अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना काय दाखवायचं हा प्रश्नच नव्हता. यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम लीड्सहून अर्ध्या तासावर, आत जायला पैसे नाहीत. मी त्यांना थेट मॅलर्डपुढे नेलं. निळं, लांबलचक इंजिन, 1938 मध्ये ताशी 126 मैल धावलेलं, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. अण्णा "छान आहे" म्हणाले आणि वाकून खाली चाकं न् अ‍ॅक्सलबॉक्स बघत बसले. तिथला एक म्हातारा स्वयंसेवक आला. अण्णांचं इंग्रजी कामापुरतं, त्याचं यॉर्कशायरचं, म्हणजे मलाही निम्मंच कळणारं. दोघं तासभर बोलले. बोटं, तळहात आणि सुट्या भागांची नावं, एवढ्यावर.

त्या म्हाताऱ्याला बार्शी लाइट रेल्वे माहीत होती! मला तोवर एवढंच ठाऊक की आजोबा तिच्यातनं पंढरपूरला जायचे. अडीच फुटी रूळ, 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, बांधणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. तिची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली. आणि सगळा सरंजाम हिंदुस्थानात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून चालवून दाखवला होता. न्यूले! मी वर्षभर ज्या बाजूला बसने जात होतो तिथं. अण्णा परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, "म्हणजे आपली गाडी आधी हितं पळाली."

दुसरं म्हणजे, बार्शीच्या अनुभवावर त्याच कॅलथ्रॉपने स्टॅफर्डशायरमध्ये एक लाइन बांधली, लीक अँड मॅनिफोल्ड. माप तेच, अडीच फूट. 1904 मध्ये सुरू, 1934 मध्ये बंद. रूळ उचलले आणि त्या जागी चालायची-सायकलची वाट केली. अण्णांचे लंडनचे दोन दिवस ठरलेले होते. त्यांनी ते रद्द करायला लावले. (कोहिनूर राहिला. आईने हे अजून माफ केलेलं नाही.) मित्राच्या गाडीने हल्म एंडला गेलो. तिथून नदीच्या कडेकडेने वाट जाते, मधे एक बोगदा लागतो, पुढं उंच कड्यात एक मोठी गुहा दिसते. मेंढ्या, भुरभुर पाऊस, माणूस नाही.

अण्णा बोगद्याच्या तोंडाशी थांबले. चपलेने रुंदी मोजली. भिंतीवर हात फिरवला. म्हणाले, "किती वर्षं चालली म्हणालास?" तीस, मी म्हटलं. "आमची शंभराच्या वर चालली," अण्णा म्हणाले, आणि काहीतरी जिंकल्यासारखे पुढे निघाले. आईने बाकावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. एक सायकलवाली बाई थांबली, तिलाही दिली. तिने भाकरी बिस्किटासारखी दातांनी मोडली आणि चटणीचं बोट चाटल्यावर पाण्याची बाटली अर्धी केली.

लंडन, 2022

माझ्या आईनं आणि मावशीनं नागपूरहून निघतानाच सांगितलं होतं, बाकी तुझ्या मनानं, पण पहिले किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येते. 10 नंबरचं घर. बाबासाहेब 1921-22 मध्ये इथे राहत होते, महाराष्ट्र सरकारनं ते 2015 मध्ये घेतलं. दारात कोणी सांगितलं नव्हतं, तरी दोघींनी चपला काढल्या. आत काय पाहिलं ते लिहीत नाही, ज्यानं त्यानं पाहावं.

बाहेर आल्यावर आई म्हणे, "ते वाचायला कुठं जात होते?" मी म्हटलं, ब्रिटिश म्युझियममध्ये तेव्हा मोठं वाचनालय होतं, तिथे. "मग चाल." मी म्हटलं, बस आहे. मावशीचे गुडघे दुखतात, पण तीच म्हणाली, "बस काहून? पायीच जाऊ." दीडेक तास चाललो. मधे दोनदा बाकावर बसलो, एकदा रस्ता चुकलो. म्युझियमच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा पाच वाजत आलेले, ते बंद होत होतं. मला फार वाईट वाटलं. मावशी पायरीवर बसून पायाला बाम चोळत म्हणाली, "अंतर तं कळलं ना."

ऑक्सफर्ड, 2015

आई नाशिकला जिल्हा न्यायालयात वकील. तिला फक्त समरव्हिल कॉलेज पाहायचं होतं, कारण कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, 1866. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली बाई. 1892 मध्ये परीक्षा दिली, पण तेव्हा तिथे बायकांना पदवीच देत नसत, ती मिळाली 1922 मध्ये. आई म्हणाली, "30 वर्षं? आमच्याकडे जमिनीच्या दाव्याला एवढीच लागतात." फाटकापाशी फोटो काढला. तो आता बार रूममध्ये लावलाय म्हणे.

शेफील्ड, सध्या

छान धागा. एक विचारायचंय. माझे आईबाबा मे महिन्यात येताहेत, फक्त 8 दिवस. आईला जिने नकोत, बाबांना म्युझियमचा कंटाळा. कुठे नेऊ? आणि येताना काय आणायला सांगू?

लीड्सवाला

यॉर्क. तासाभराची गाडी आहे. बाबांना म्युझियम म्हणून सांगू नका, यार्ड म्हणून सांगा. स्टेशनाला लागूनच आहे, आतली जमीन सपाट, बसायला बाकं भरपूर. पेढे, तूप आणायला लावू नका, दुधाचे पदार्थ भारतातून आणायला बंदी आहे. शेंगाचटणी चालते. दोन पुडे जास्तीचे सांगा, मी अजून लीड्सलाच आहे.