नवीन कॅम्पिंग ट्रेलर ताब्यात घेताना काय काय बघू? पुण्याहून बेळगावला आणायचाय

खानापूररोडवाला:
नमस्कार मंडळी. पुण्यात ऑर्डर दिलेला लहान कॅम्पिंग ट्रेलर पुढच्या आठवड्यात तयार होतोय, मी आणि मेव्हणा जाऊन आमच्याच गाडीला जोडून आणणार. घेतलाय तो आईसाठी. तिला मार्गशीर्षात सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचंच असतंय, आजोबा बैलगाडी जुंपून न्यायचे, वाटेत मुक्काम करायचे ते अजून सांगत बसती. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही, त्यामुळं जत्रेत संडासाची अडचण लई मोठी. ट्रेलरात बेड, गॅस, पाण्याची टाकी, कॅसेट टॉयलेट (खालची टाकी बाहेर काढून रिकामी करता येते तसलं) सगळं हाय. पण मी आजवर गाडीमागं काहीच ओढलेलं नाही, आणि विकणारे म्हणतात अर्ध्या तासात डिलिव्हरी होते. खरंच होते काय?

उद्यमबागचा अण्णा:
अर्ध्या तासात अजिबात घेऊ नका दादा. सकाळी लवकर पोचा आणि उजेडात बघा. पहिलं म्हणजे पाईप लावून छपरावर, खिडक्यांच्या कडेला दहा-पंधरा मिनिटं पाणी मारायला सांगा आणि तुमी आत बसा. कपाटं उघडून कोपऱ्यांत हात फिरवा, ओल डोळ्याला दिसायच्या आधी हाताला लागते. आपल्याकडचा पाऊस तुमाला माहीतच हाय, कणकुंबी-जांबोटीकडं एकदा नेलात की बारीक फटसुद्धा पाणी ओढती आणि प्लाय फुगला की तो परत बसत नाही.

मग हूक. गाडीमागचा बॉल (गोल गोळा) आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर एकाच मापाचे हायत का ते बघा, ५० एमएम हाय का दुसरं काही ते फोनवरच विचारून ठेवा. कपलर बसला की लॉक लावून ट्रेलरच्या पुढच्या लहान चाकाचं हँडल फिरवत ट्रेलरचं नाक वर उचलायचं, गाडीची मागची बाजू सोबत उचलली तर पक्कं बसलंय. सेफ्टी चेन खालनं एकमेकींवर फुली करून लावा, कपलर सुटला तर दांडी रस्त्यावर न पडता चेनवर झेलली जाते. इंडिकेटर, ब्रेकलाईट मेव्हण्याला मागं उभं करून एकेक तपासा.

सामान भरताना जड वस्तू चाकाच्या वर आणि जराशा पुढं ठेवायच्या. भरलेला ट्रेलर ७०० किलोचा असंल तर हुकावर साधारण ७० किलो यायला पाहिजे, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात किती चालतंय ते आधी बघा. वजन मागं गेलं की साठ-सत्तरच्या पुढं शेपूट हलायला लागतं. हललंच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलेटर सोडा. तवंदी, वंटमुरीचा घाट उतरताना खालच्या गिअरात या.

आणि हे विसरू नका, शिरवळच्या आसपास थांबून चाकांचे नट टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना) परत आवळा. नवीन चाकाचे नट पहिल्या ५०-८० किलोमीटरात बसतात आणि ढिले पडतात. त्याच वेळी हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) हात नेऊन बघा, एक चाक दुसऱ्यापेक्षा लई गरम असंल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक घासतोय.

निपाणीकर:
कागदांचं मी सांगतो. इनव्हॉइस, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (रस्त्यावर चालवायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला), इन्शुरन्स आणि टेम्पररी रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय हलू नका, कागलच्या पुढं राज्य बदलतंय. स्वतःच्या वापराचा कॅम्पर ट्रेलर नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये (धंद्याचं नाही, खाजगी वाहन) येतो, फॉर्म २० (रजिस्ट्रेशनचा अर्ज) भरताना एजंटानं दुसरंच लिहिलंय का ते स्वतः वाचा. चॅसी नंबर पट्टीवरचा आणि कागदावरचा एकेक आकडा जुळवून घ्या, एका आकड्यापायी माझ्या शेताच्या ट्रॉलीला तीन खेपा पडल्या होत्या.

खानापूररोडवाला:
लई उपकार झाले. घरी आल्यावर अंगणात उभा करायचाय, पण अंगण गेटकडं उतरतं. कसं करू?

चिकोडीची अक्का:
आमी दोन वर्षं झाली वापरतोय. गाडीला जोडलेला असतानाच आधी डावी-उजवी बाजू सारखी करायची, खालच्या चाकाखाली फळी घालून. गवंड्याची पाणसळ आत जमिनीवर आडवी ठेवा. मग चाकांना दोन्हीकडनं उटी लावा, ट्रेलरचा हँडब्रेक ओढा, त्यानंतरच गाडी सोडवा. पुढंमागं मात्र पुढच्या चाकानं करायचं. चारी कोपऱ्यांचे पाय शेवटी टेकवायचे, ते ट्रेलर हलू नये म्हणून असतात, त्यांनी वजन उचलायला गेलात तर वाकतात. आणि पाय टेकवायच्या आधी आत कुणाला चढू देऊ नका, मागच्या टोकाला माणूस गेलं की नाक उचलतंय.

गॅसच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला की गॅस बंद. एलपीजी हवेपेक्षा जड, तळाला साचतो, म्हणून खालची जी जाळी असते ती चिखलानं नाहीतर पायपुसण्यानं झाकू नका. टाकी दोनदा भरून सोडून द्या, पहिल्या पाण्याला प्लास्टिकचा वास येतो. टॉयलेटात ॲसिड-फिनेल ओतू नका, रबराचं सील खराब होतं.

पहिल्याच फेरीला पौर्णिमेच्या गर्दीत नेऊ नका हो. आधी आईंना अंगणातच दोन रात्री झोपवा. पायरी किती उंच पडते, रात्री उठताना हात कुठं जातो, ते त्याच सांगतील.

खानापूररोडवाला:
आणला काल. पाणी मारायला लावलं तर डाव्या खिडकीखाली ओल लागली, त्यांनी रबर काढून परत सीलंट भरलं, सुकून परत पाणी मारेपर्यंत तीन वाजले. शिरवळला दोन नट अर्धा-अर्धा फेरा आवळले. रात्री आई आतच झोपली. सकाळी म्हणाली पायरी चार बोटं जास्त उंच हाय आणि दाराला उजव्या हाताला धरायला दांडी पाहिजे. अण्णा, स्टीलची दांडी उद्यमबागेत कुठं बसवून मिळंल?

उद्यमबागचा अण्णा:
घेऊन या सोमवारी. आईंनापण आणा, उंची त्यांच्या हाताचं माप घेऊनच ठरवायला लागंल.