सुंगटांची (कोळंबीची) अॅलर्जी: हुमणाचा (मासळीच्या आमटीचा) नुसता रस चालतो का?

फोंडेकर: भावाला सुंगटं खाल्ली की अर्ध्या तासात अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात. फोडी काढून नुसता रस वाढला तर? कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्याही बंद करायच्या का? एकदा बांगड्यानेही तोंड लाल झालं होतं.

माडाबुडी: रस अजिबात नको. त्रास देणारं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. ते उकळल्याने मरत नाही आणि रसात उतरतं. शिजताना उठणाऱ्या वाफेनेही काहींना त्रास होतो, म्हणून चुलीपाशी उभं करू नका. कुर्ल्या आणि शेवंड याच गटातले, तेही बंद. तिसऱ्या, शिनाणे (मसल्स), माणक्या (स्क्विड) वेगळ्या गटातल्या. तरी काहींना त्याही बाधतात, तपासणीपर्यंत थांबा. छुपं सुंगट शोधा: किसमुरीतला (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि बालशांवमधला (लोणच्यासारखा तिखट प्रकार) सुका जवळा, हॉटेलात सगळ्या मासळीला लावायचा एकच रवा, तळणीचं तेच तेल. ‘सुंगटं घालू नका’ एवढं सांगून भागत नाही, तवा वेगळा का तेही विचारा.

जुवारी: बांगड्याचं वेगळं असू शकतं. माशातलं प्रथिन निराळं. त्या दिवशी तोच बांगडा खाल्लेल्या इतरांनाही झालं का?

फोंडेकर: हो, तिघांना. मासा किंचित तिखट लागत होता.

जुवारी: मग बहुधा हिस्टामिनची विषबाधा. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) बर्फाशिवाय राहिले की जिवाणू हिस्टामिन तयार करतात. तळून ते जात नाही. वास येईलच असंही नाही. म्हणून बर्फातलाच घ्या आणि घरी आणून थेट फ्रिजमध्ये. तरी डॉक्टरांना दोन्ही प्रसंग वेगवेगळे सांगा, नाहीतर सगळ्या मासळीवर उगाच काट बसते.

माडाबुडी: त्वचेवरची टोचणी-तपासणी करणार असाल तर अॅलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवाव्या लागतात, रक्ततपासणीला त्याचा अडथळा नाही. कधी होतं कधी नाही, याचं कारण अनेकदा जोडीला असतं: फेणी, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी, जेवणानंतरची धावपळ.

जुवारी: श्वास लागला, आवाज बसला, घशात आवळलं, वारंवार उलट्या किंवा चक्कर आली तर सेट्रिझीनवर (अॅलर्जीची गोळी) विसंबू नका, ती पित्त शमवते, श्वास नाही. लगेच १०८. आडवं झोपवून पाय वर. दम लागला असेल तर बसवा, पण एकदम उभं करून चालवू नका. इंजेक्शन अॅड्रेनलिनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत: किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना कमाल ०.५. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबवा, लक्षणं परत येऊ शकतात.