रेडिएटरमध्ये चॉकलेटी पाणी निघालं; कूलंट भरू की साधं पाणीच चालू ठेवू?

मिरज_बोलेरो

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१३ ची डिझेल बोलेरो आहे, गेल्या दिवाळीला सेकंडहँड घेतली. मी जत तालुक्यात शाळेवर आहे, त्यामुळे गाडी रोज पळते. सपाटीला काही तक्रार नाही. पण पुण्याहून परत येताना खंबाटकी चढायला लागलं की काटा वर सरकतो. एसी चालू असेल तर पार लाल पट्टीजवळ जातो. एसी बंद केला की घाट उतरून वेळे-सुरूर येईपर्यंत काटा परत जागेवर.

परवा सकाळी गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण उघडलं. झाकणाच्या खालच्या बाजूला चॉकलेटी गाळ होता, बोटाने खरवडला तर बोटाला चिकटला. तोंडाच्या कडेला पांढरी खपली, नखाने निघत नाही इतकी घट्ट. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाले, आम्ही कायम बोअरचंच पाणी घालायचो, काही होत नाही.

इथल्या एका मेकॅनिकला दाखवलं. त्यांचं म्हणणं, "कूलंट बर्फाच्या मुलखात लागतं. आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? साधं पाणी घाला आणि थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापायचीच नाही." मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही तेही सांगता येत नाही. कूलंट घालायचं तर हिरवं की गुलाबी? आणि हे काम घरी होतं का? दिरांकडे पाने-पकडी सगळं आहे, हातही चांगला चालतो.

तासगाव_द्राक्षवाला

ताई, आधी समोरची जाळी काढून आत बघा. आपल्याकडे कारखाने चालू असले की उसाच्या ट्रॉलीमागून जाताना पाचटाचा भुगा उडतो, तो एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या मध्ये जाऊन बसतो. समोरून दिसत नाही. आमच्या गाडीत गादी भरावी तसा थर निघाला होता. पाणी मारताना इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने निघतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने मारू नका, पत्र्याच्या बारीक पट्ट्या मुडपतात आणि मग हवाच जात नाही. एसी लावल्यावर काटा चढतो म्हणताय, तर हे नक्की बघाच.

गोडोली_गॅरेज

ताई, थर्मोस्टॅट काढू देऊ नका. ती इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी आणि तापल्यावर उघडणारी झडप असते. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल, एवढं आधी लक्षात ठेवा. थर्मोस्टॅट काढला की सपाटीला इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल जास्त खातं. घाटात तर वेगळाच घोटाळा होतो: बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच आतल्या आत फिरत राहतं. अडकला असेल तर नवा टाका, पण जागा रिकामी ठेवू नका.

आता बर्फाचं. मी साताऱ्यात गॅरेज चालवतो आणि हे वाक्य रोज ऐकतो. त्यापायी चांगली इंजिनं खराब होतात, म्हणून जरा लांबण लावतो. कूलंटमधलं ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही हे खरं, आणि सातारा-सांगलीला त्याचा उपयोग नाही हेही खरं. पण तेच ग्लायकॉल पाण्याचा उकळबिंदू वर नेतं. झाकणाचा दाब ०.९ बार असेल तर नुसतं पाणी साधारण ११८-११९ अंशांना उकळतं, निम्मं-निम्मं मिश्रण १२५ च्या पुढे. घाटात, दुसऱ्या गिअरवर, ट्रकच्या मागे, एसी लावून चढताना हेच पाच-सात अंश कामाला येतात. महाबळेश्वरला तर उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. तिथे झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर दाब धरत नाही आणि नुसत्या पाण्याची गाडी वाफ सोडते.

आणि मला विचाराल तर उकळण्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे गंज. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, डब्याची खरी किंमत त्यांची. तुमच्या गाडीचा ब्लॉक बिडाचा आहे. बीड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज येणारच. झाकणाला चिकटलेला चॉकलेटी गाळ तोच. पांढरी खपली ही जतकडच्या बोअरची. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, पाणी तापलं की ते सुटे होऊन भिंतीला धरतात. रेडिएटरच्या नळ्या आधीच चपट्या आणि अरुंद, त्यात ही खपली बसली की पाणी जातं कमी आणि उष्णता बाहेर पडते त्याहून कमी. म्हणून सपाटीला काही कळत नाही, घाटात कळतं.

रंगाचं मनावर घेऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता घातलेला रंग असतो, प्रत्येक कंपनीचा आपापला. डबा उलटा करून मागे आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ लिहिलंय का बघा, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रकाराशी जुळवा. एक प्रकार धरला की तोच चालू ठेवा. दोन प्रकार मिसळले तर रसायनं एकमेकांना मारतात, कधी कधी जेलीसारखा चिकटा तयार होतो.

काम घरी होतं. पण सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. ऑइलची काडी काढा आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आत बघा, तिथे चहाच्या रंगाचा फेस आहे का. मग गार इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढूनच गाडी सुरू करा आणि तोंडातून सतत बुडबुडे येतात का बघा. यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधलं पॅकिंग, गेल्याचा संशय धरा आणि थांबा, फ्लश करून, म्हणजे आतून धुवून, उपयोग नाही. नसेल तर पुढे चला.

इंजिन पूर्ण गार, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. तापलेल्या गाडीचं झाकण फडकं धरूनसुद्धा उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. खाली मोठं घमेलं ठेवा, ड्रेन कॉक सोडा. जुन्या गाड्यांचा कॉक प्लास्टिकचा असतो आणि कडक झालेला असतो, जोर लावला तर तुटतो. हलत नसेल तर खालच्या होज पाइपची क्लिप ढिली करा. होज काढलाच आहे तर दाबून बघा: फार मऊ किंवा चिरा पडलेला वाटला तर त्याच हाताने नवा घाला. बाहेर आलेलं पाणी मोजून ठेवा, फेकू नका, पुढे त्याचा हिशोब लागतो. रिझर्व्ह टाकीही काढून घासून धुवा. तिच्या तळाशी तोच गाळ बसलेला असतो, आणि ती तशीच लावली की धुतलेल्या रेडिएटरमध्ये तो परत जातो.

मग बॅटरीचं पाणी भरा. इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. मागताना ‘डिस्टिल्ड वॉटर’ म्हणून मागा आणि कॅन वाचून घ्या, कारण शेजारच्याच फळीवर ॲसिडचे कॅन असतात. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडी सुरू करा. वरचा होज हाताला चांगला गरम लागेपर्यंत चालू द्या, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला आणि पाणी ब्लॉकमधून फिरलं असं समजा. बंद करा, गार होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच परत. तुमच्या गाळाला एका दिवसात घाई करू नका. मध्ये दोन दिवस गाडी तशीच फिरवून मग पुढचं पाणी काढलंत तरी चालेल, सुटलेला गंज तेवढ्यात आणखी बाहेर येतो. फक्त त्या दिवसांत घाट टाळा.

मिरज_बोलेरो

काका, किती मनापासून लिहिलंत. झाकण उघडून गाडी सुरू करून पाहिली, बुडबुडे नाहीत, ऑइलही ठीक दिसतंय. आता तीन शंका. शेजारी म्हणतात संडास धुवायचं ॲसिड पाण्यात घालून फिरवा, एका तासात लख्ख होईल. दुसरं, घरच्या आरओचं पाणी चालेल का, बॅटरीचं पाणी एवढं विकत घ्यायचं तर. तिसरं, जुन्या गाडीचा फ्लश केला की रेडिएटर गळायला लागतो असं सगळे सांगतात, ते खरं का?

गोडोली_गॅरेज

ॲसिड नको. रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा असतो, ते ॲसिड खपलीबरोबर धातूही खातं, आणि वॉटर बॉडीचं, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, सीलही जातं. गाळ फारच असेल तर रेडिएटर फ्लशचं तयार औषध मिळतं, ते डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवा आणि नंतर साध्या बॅटरीच्या पाण्याने भरपूर धुवून काढा. त्यातलं काही आत राहिलं तर नवं कूलंट लवकर खराब होतं.

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, शून्य नसतात. काही मशिनमध्ये तर चवीसाठी मुद्दाम परत घातलेले असतात. पहिल्या एक-दोन धुण्यांना आरओ वापरा, पैसे वाचतील. शेवटचं धुणं आणि कूलंटमध्ये मिसळायचं पाणी मात्र बॅटरीचंच.

गळतीचं म्हणाल तर खरंही आहे आणि नाहीही. फ्लशने भोक पडत नाही. गंजून पातळ झालेल्या जागेवर गाळानेच बूच मारलेलं असतं, ते निघतं आणि भोक दिसतं. अशी गाडी आज ना उद्या रस्त्यात दगा देणारच, त्यापेक्षा दारात कळलेलं चांगलं. गळती बुजवायची पावडर टाकू नका, ती हीटरच्या नळ्याही बुजवते.

भरताना सगळे चुकतात ते इथे. समजा पुस्तकात एकूण क्षमता ८ लिटर दिली आहे आणि तुम्ही काढलेलं पाणी ५ लिटर भरलं. म्हणजे ३ लिटर स्वच्छ पाणी ब्लॉकमध्ये अजून आहेच. त्यावर ५ लिटर तयार मिश्रण ओतलं तर आत कूलंट तीस टक्क्यांच्या आसपासच होईल. म्हणून पाणी न मिसळलेलं कूलंट आणा, आधी त्यातलं ४ लिटर ओता, उरलेली जागा बॅटरीच्या पाण्याने भरा. आकडे तुमच्या पुस्तकातले घ्या. तीस टक्क्यांखाली गंजरोधक कमी पडतं. आणि नुसतं कूलंट गच्च भरलं तर जास्त चांगलं असं अजिबात नाही, उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.

पसरणी_टॅक्सी

काकांनी सगळं सांगितलंय, मी हवेबद्दल बोलतो. वाई-पाचगणी रोजचा धंदा आहे माझा, पसरणी घाटात हवा अडकलेली गाडी पहिल्या दोन वळणांतच समजते. काटा एकदम वर, एकदम खाली, आणि हीटरमधून गार वारा.

भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहतं. हँडब्रेक लावा, चाकाखाली दगड द्या. बारीक धारेने ओता, मध्ये मध्ये वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर लावून इंजिन चालवा, पातळी खाली गेली की भर घाला. पाणी तोंडाशी उसळायला लागायच्या आत झाकण लावा. झाकण नवंच घ्या, जुन्यावर जेवढा दाब छापलाय तेवढ्याचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडीवर रिझर्व्ह टाकी बघा, हमखास खाली गेलेली असते. कमी-जास्तच्या दोन रेघांच्या मध्ये आणून ठेवा.

मिरज_बोलेरो

पहिलं पाणी काढलं. सुरुवातीला गढूळ, मग अक्षरशः काव कालवल्यासारखं, आणि शेवटी घमेल्याच्या तळाला काळपट खपल्या. जाळीमागे पाचटही निघालं, तासगावच्या दादांचं बरोबर होतं. होज दोन्ही बदलले, थर्मोस्टॅट नवा आणला. आता पाणी चहाच्या रंगावर आलंय, अजून धुतोय. हे काढलेलं पाणी कुठे टाकू? मळ्यावर कुत्रा आहे, दोन म्हशी आहेत.

गोडोली_गॅरेज

हे बरं विचारलंत. आत्ता निघतंय ते मालकाच्या सांगण्यावरून नुसतं गंजकं पाणी आहे, तरी जनावरांच्या पुढ्यात ठेवू नका. औषध घालून धुतलंत तर ते पाणी वेगळं ठेवा. आणि पुढच्या वेळी जे निघेल ते खरं कूलंट असेल. त्यातलं ग्लायकॉल गोड असतं, कुत्रं चाटतं, वासरू तोंड लावतं, आणि थोडंसंही मूत्रपिंड निकामी करायला पुरतं. चुकून प्यालं तर लक्षणांची वाट न बघता लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. गटारात, बांधावर, विहिरीजवळ ओतायचं नाही. झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात लिहा आणि सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे द्या. घरात पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

नवं कूलंट भरल्यावर सहा महिन्यांनी झाकण उघडून रंग बघा. इतका गाळ असलेल्या गाडीत उरलेला गंज हळूहळू सुटत राहतो, गढूळ दिसलं तर ते कूलंट लवकर बदला, मुदत बघत बसू नका. स्वच्छ राहिलं तर साध्या प्रकाराला दोन वर्षं, लाँग लाइफवाल्याला डब्यावर लिहिलेली मुदत. तारीख, किलोमीटर आणि कूलंटचा प्रकार चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, म्हणजे वाटेत कुणाला भर घालायला लागली तर तो दुसरंच काही ओतणार नाही.