तेल कमी करा सांगून झालं, पुढे काय? (चोपडा तालुका)

प्रश्न
मी गावात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बीपी-शुगर असलेल्या चाळीस बायकांसाठी तीन महिने दर बुधवारी बैठक घेतली. तेल-मीठ कमी करा, आठवड्याला 150 मिनिटं चाला, सगळं सांगितलं. विचारलं तर धडाधड उत्तरं देतात. घरी मात्र शेवभाजीवर तीच बोटभर तर्री. एक मावशी म्हणाल्या, "तर्री नही ते भाजी कशी, ताई?" चालायला चौदा जणी यायच्या, एप्रिलच्या उन्हात दोन उरल्या. कुठे चुकतंय?

अमळनेरहून, आहारतज्ज्ञ
ताई, उत्तरं पाठ आहेत म्हणजे माहिती कमी नाही. आणखी तक्ते लावू नका. मी आता पहिल्याच भेटीत विचारते, महिन्याला घरात तेल किती येतं? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने माणशी दिवसाला 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे पाच जणांना महिन्याला फार तर साडेचार किलो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत संपतो. डबा समोर असला की हात सैल सुटतो. म्हणून एक तारखेला महिन्याचं तेल बरणीत काढायचं आणि फोडणीला पळीऐवजी चमचा घ्यायचा. हे सासूबाईंसमोर ठरवा. स्वयंपाक सून करते, पण चव सासू ठरवते. एकट्या सुनेला बोलावलंत तर ती घरी जाऊन कुणाकुणाशी भांडेल?

शेवभाजी बंद करा म्हणू नका, आठवड्यातून एकदा ठरवून द्या. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भरीत तर आपलंच आहे. वांगी भाजलेलीच असतात, तेल फक्त फोडणीत आवरायचं.

भुसावळहून
चालण्याबद्दल सांगतो. 'रोज चाला' कुणाच्याच दिवसात बसत नाही. आमच्या गल्लीत ठरलं, रात्रीची भांडी आवरली की मारुतीच्या पारापर्यंत दोन फेऱ्या. आधीच्या कामाला नवं काम बांधलं की आठवण करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा रात्रीच बरं. लंडनच्या 2010 च्या अभ्यासात सवय मुरायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. गळालेल्या बारा जणींना परत बोलवा. आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला चाला म्हणू नका, तिला बसू द्या.

प्रश्नकर्ती
या बुधवारी सासवांनाही निरोप धाडते, बरणीपासूनच सुरू करू. लग्नसराईत महिन्याची बरणी कशी सांभाळता, तेवढं सांगा.