क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलंय, पावसात पाय सरकतो. मदत हवी आहे

मुलुंडकरीण:
नमस्कार मंडळी,
आमची वॅगन आर आहे, 2012 ची, पेट्रोल, मॅन्युअल. मुलुंडहून बीकेसीला मीच नेते. एलबीएस रोडला भांडुपपासून कुर्ल्यापर्यंत क्लचवरून पाय उचलायची सोय नसते, त्यामुळे क्लचचं रबर आधी गेलं. डावीकडच्या आडव्या रेघा पार पुसल्या गेल्यात आणि खालच्या कोपऱ्यात पत्रा दिसायला लागलाय. ब्रेकचं रबर फाटलेलं नाही, पण उजवी बाजू गुळगुळीत, डावीकडच्या रेघा मात्र अजून नव्यासारख्या.

उन्हाळ्यात काही जाणवलं नाही. पाऊस सुरू झाल्यापासून ओल्या सँडलने क्लच दाबला की पाय बाहेर सरकतो. परवा घाटकोपरच्या सिग्नलला पाय निसटला, गाडी झटका देऊन बंद पडली. पुढे रिक्षा होती, थोडक्यात वाचली. हेच ब्रेकवर झालं तर? मागच्या सीटवर मुलगी असते, त्यामुळे हा विचार डोक्यातून जात नाही.

सर्व्हिसला दिली तेव्हा "रबर वेगळं मिळत नाही, पूर्ण पेडल बदलावं लागेल" असं सांगितलं. शेजारचे काका ॲल्युमिनियमची कव्हरं बसवा म्हणतात. दिसण्याशी मला घेणं नाही, पाय पक्का बसायला हवा. रबर सुटं मिळतं का? घरी बसवता येईल का? आणि एकाच बाजूने झिजलंय म्हणजे आत काही बिघडलंय का?

गॅरेजमास्तर:
ताई, रबर सुटं मिळतं आणि स्वस्त असतं. पूर्ण पेडल अजिबात बदलू नका. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं रबर एकच असतं. ऑटोमॅटिकच्या ब्रेकचं रुंद असतं, ते चुकून घेऊ नका. चासी नंबर सांगून ओरिजिनल मागा. बीकेसीत असता तर स्पेअर पार्टच्या दुकानांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळच आहे, नाहीतर ऑपेरा हाऊस. जुनं काढून सोबत न्या आणि पाठीला पाठ लावून बघा, पण गाडी रबराशिवाय चालवत नेऊ नका. लोकल मालात मागची वळलेली कड पातळ असते, ताणली की फाटते.

एका बाजूने झिजणं बहुतेक वेळा पायाच्या सवयीचं असतं. ॲक्सिलरेटरवरून टाच न उचलता पाय ब्रेकवर वळवला की उजवी कडच दाबली जाते. क्लचवर डावा पाय बाहेरून तिरका येतो, म्हणून तिथे डावी. चपलेखालची रेती वर पॉलिश पेपरसारखी घासत राहते. तरी पेडल हाताने धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड असेल तर पेडल ज्यावर फिरतं तो वरचा बुश गेलाय, ते मात्र मेकॅनिकलाच दाखवा.

ॲल्युमिनियमच्या कव्हरांना माझा ठाम विरोध आहे. ओल्या तळव्याला गुळगुळीत धातू धरत नाही, क्लिपा सैल होतात, आणि जाडी वाढली की दोन पेडलांमधलं अंतर बदलतं.

सायन_सर्कल:
बदलण्याआधी एक करा. कोरड्या पांढऱ्या फडक्याने पेडल घासून बघा. आमच्या सोसायटीत गाडी धुणारा मुलगा डॅशबोर्डचं चकाकीचं पॉलिश पेडललाही लावायचा. त्यात सिलिकॉन असतं, नवं रबरसुद्धा निसरडं होतं. फडक्याला तेलकट लागलं आणि पॉलिश कोणी लावत नसेल, तर टॉर्च मारून पेडलच्या दांड्याचा वरचा भाग बघा. तिथून ओल उतरत असेल तर ब्रेक ऑइलची गळती असू शकते. मग रबर राहू दे, आधी गॅरेज.

मुलुंडकरीण:
दादा, फडकं चकचकीत आलं! दांडा वर कोरडा आहे, पेडल बाजूला हलत नाही. आमच्याकडे गाडी धुवायला येणाऱ्या काकांना विचारलं तर ते म्हणाले, "काळं दिसावं म्हणून लावतो." आता त्यांना पेडल आणि स्टिअरिंग सोडून पुसायला सांगितलंय. रबराची जोडी सीएसटी रोडला मिळाली. बसवायचं कसं ते नीट सांगाल का?

निवृत्त_फिटर:
इंजिन बंद, हँडब्रेक वर, सीट पूर्ण मागे. जुन्या रबराचा एक कोपरा अंगठ्याने उचला, बाकी सोलल्यासारखं निघतं. आता उघडा पत्रा हाताने चाचपा. मुंबईच्या हवेत उघड्या कोपऱ्याला गंज धरतो आणि ती धारदार खपली नवं रबर आतून कापते. ती घासून साफ करा, कोरड्या फडक्याने पुसा.

नवं रबर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ पडतं. कडेच्या आत साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन काही नको. ते सुकत नाही आणि रबर पुढे फिरत राहतं. आधी वरची कड पत्र्यामागे अडकवा, मग दोन्ही बाजू, शेवटी खालची कड. अंगठ्याने होत नसेल तर चमच्याचा दांडा वापरा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कड चिरते. गोंद लावू नका. गोंदाशिवाय राहत नसेल तर माप चुकलंय.

मुलुंडकरीण:
ब्रेकचं छान बसलं. क्लचची वरची कड मात्र एका कोपऱ्यात पुन्हा पुन्हा बाहेर येतेय. साबण सुकला की धरेल का?

निवृत्त_फिटर:
नाही, तसं ठेवून चालवू नका. पेडलच्या मागे बोट घालून चारही बाजूंनी फिरवा. कड पत्र्यामागे सलग लागली पाहिजे, कुठेही मुडपलेली नको. बहुधा आतल्या बाजूला दुमडलीय. पूर्ण काढा, परत गरम पाण्यात टाका आणि या वेळी त्याच कोपऱ्यापासून सुरुवात करा.

गॅरेजमास्तर:
आणि खाली बघा, एका मॅटवर दुसरी मॅट टाकलेली नाही ना? पावसात बरेच जण रबरी मॅटवर कापडी टाकतात, ती सरकून पेडलखाली जाते. 2009 साली टोयोटाने अमेरिकेत सुमारे 38 लाख गाड्या परत बोलावल्या, कारण हेच: मॅटमध्ये ॲक्सिलरेटर अडकण्याचा धोका. एकच ठेवा, हुकाला अडकवलेली.

मुलुंडकरीण:
कोपऱ्यापासून सुरुवात केल्यावर बसलं! बोट फिरवून बघितलं, सगळीकडे कड आत आहे. वरची कापडी मॅट काढून टाकली. ओले सँडल घालून इंजिन बंद ठेवूनच दोन्ही पेडलं जोरात, तिरकी, कडेने दाबून बघितली, पाय हलत नाही. उद्या आधी सोसायटीच्या आवारात फिरवून मगच रस्त्यावर काढते. तिघांचेही मनापासून आभार.