मदत हवी आहे: मेणाचं जॅकेट वॉशिंग मशीनमध्ये धुतलं गेलंय, वाचेल का?

टाइनकाठची

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या ईशान्येला, हेक्समजवळ राहते. प्रश्न एका जॅकेटचा आहे. जीव अडकलाय त्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बार्बर कंपनीचं बोफर्ट नावाचं जॅकेट आहे, मेण मुरवलेल्या सुती कापडाचं, ऑलिव्ह हिरवं. २००६ च्या नोव्हेंबरात हेक्सममधल्या एका चॅरिटी दुकानात ३५ पौंडांना मिळालं. आधी कुणा शेतकऱ्याचं असावं, कारण खिशात गवताचे भारे बांधायची निळी प्लास्टिकची सुतळी निघाली होती. ती सुतळी मी अजून त्याच खिशात ठेवली आहे. माझं काम नदीच्या पाण्याचे नमुने गोळा करायचं. वॉर्डनला नॉर्थ टाइन आणि साउथ टाइनचा संगम होतो, तिथून वर कील्डरच्या जंगलापर्यंत बाराही महिने फिरणं असतं. हे जॅकेट नसतं तर हे काम मी इतकी वर्षं केलं असतं का, शंका आहे. डाव्या कोपरावर ठिगळ आहे, २०११ मध्ये तारेच्या कुंपणात अडकून फाटलं होतं तिथे. हेड्रियनच्या रोमनकालीन भिंतीवरच्या खिंडीतलं ते सिकॅमोरचं झाड २०२३ मध्ये कुणी रातोरात कापलं, त्याच्या बुंध्याशी हेच जॅकेट अंथरून मी कितीदा डबा खाल्ला आहे.

आई तीन महिन्यांसाठी भोरहून आली आहे. गेल्या मंगळवारी मी कामावर असताना तिने ते मशीनमध्ये घातलं. पावडर टाकून, ४० अंशांवर. तिला ते मेणचट, कळकट दिसलं, वास येत होता, म्हणून लेकीचा कोट हौसेने धुतला. संध्याकाळी दारातच मला दाखवायला उभी. "बघ, कसा स्वच्छ निघाला!" मी काही बोलले नाही. पण माझा चेहरा तिने वाचला असणार, कारण तेव्हापासून दिवसातून दोनदा विचारते, "फार महागाचं होतं का गं?"

आताची अवस्था अशी: खांद्यांवर आणि पाठीवर कापड मऊ पडलंय, साध्या सुती पडद्यासारखं लागतं. घड्या पडतात तिथे पांढुरक्या रेघा आल्यात. शिवणींच्या कडेला, खिशांच्या झाकणांखाली मात्र बोट फिरवलं तर अजून चिकट लागतं. कॉर्डुरॉयची कॉलर ठीक आहे, पितळी चेनही. काल मुद्दाम पावसात घालून गेले, तर दहा मिनिटांत खांदे ओले झाले.

हे घरी दुरुस्त होईल का? की साउथ शील्ड्सला कंपनीकडेच पाठवू? आई २८ तारखेला परत जातेय. त्याआधी ते नीट झालेलं तिने बघावं अशी फार इच्छा आहे.

डेल्सचा_भटक्या

ताई, जॅकेट गेलेलं नाही. मी यॉर्कशरमध्ये आहे, गेली चौदा वर्षं स्वतःची दोन आणि मित्रांची बरीच जॅकेटं घरी मेणवली आहेत. त्यातलं एक मशीनमध्ये धुतलेलंच होतं.

काय झालंय ते आधी सांगतो. या कापडात सुताच्या धाग्यांमधल्या फटी मेण-तेलाच्या मिश्रणाने भरलेल्या असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. साबणाचं कामच तेलकट गोष्ट पाण्यात सोडवायची. सपाट भागातलं मेण त्याने नेलं, शिवणींत कापडाचे तीन-चार थर असतात तिथलं राहिलं. कापड शाबूत आहे, फक्त रिकामं झालंय.

पण लगेच मेण लावायला घेऊ नका. कापडात साबण उरला असेल तर तो पाण्याला आत ओढतो, वरून कितीही मेण लावा. बाथटबमध्ये गार पाणी भरून जॅकेट बुडवा, हाताने दाबा, पिळू नका, पाणी बदला. फेस पूर्ण थांबेपर्यंत हेच करायचं. माझ्या वेळी पाच पाणी लागली होती. मग जाड हँगरवर दोन दिवस वाळू द्या. रेडिएटरवर नको.

नेहमीच्या वार्षिक मेणाला २०० मिलीचा एक डबा पुरतो. तुमचं रिकामं झालंय, दोन आणा. त्याच कंपनीचं थॉर्नप्रूफ ड्रेसिंग घ्या. डबा झाकण काढून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायचा, पाणी डब्यात जाऊ द्यायचं नाही आणि डबा थेट आचेवर कधीच नाही. मेण पातळ झालं की जुन्या सुती फडक्याने वीतभर जागा घेऊन चोळायचं, ती झाली की पुढची. शिवणी, खांदे, कोपर, बाह्यांच्या कडा इथे हात सैल सोडा. कॉलर, अस्तर आणि हात ऊबेला घालायच्या खिशांची मखमली आतली बाजू यांना मेण लागता कामा नये. एक भाग झाला की हेअर ड्रायर फिरवा. पांढरट थर वितळून कापडात मुरताना डोळ्यांना दिसतो, रंग एकदम गडद होतो. जिथे होत नाही तिथे मेण कमी आहे असं समजा. नंतर दोन-तीन दिवस उबदार खोलीत, इतर कपड्यांपासून लांब टांगून ठेवा.

आणि मशीनचा ड्रम आधी फडक्याने पुसून मग रिकामा, गरम पाण्यावर चालवा. नाहीतर पुढच्या चादरींना डाग पडतील.

मुग्धा_लीड्स

भटक्यांचं बरोबर आहे, पण थोडं सावध करते. कंपनीची सूचना अगदी स्पष्ट आहे: मशीन नाही, साबण नाही, गरम पाणी नाही, ड्राय क्लीनिंग नाही. मशीनमध्ये मेण कायमचं जाऊ शकतं असं तेच सांगतात. त्यामुळे त्यांच्याकडे पाठवायचं असेल तर आधी फोटो दाखवून, झालेलं सगळं खरं सांगून विचारा. माझ्या नवऱ्याचं जॅकेट आम्ही साउथ शील्ड्सला पाठवलं होतं. बाह्यांच्या झिजलेल्या कडा बदलून, नवं मेण लावून इतकं सुंदर आलं की तो बराच वेळ नुसता हातात घेऊन बसला होता. पण काही आठवडे लागले. तुमच्या २८ तारखेत ते बसणार नाही.

रत्नांग्रीचे_अप्पा

बेटा, मला या जॅकेटातलं काही कळत नाही, पण "मेणचट" वाचून थांबलो. आमच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत बाळाखाली मेणकापड असायचं. हे तेच दिसतंय, अंगात घालायचं. तुझ्या आईला तसं सांगून बघ, तिला चटकन उमजेल आणि मनाला लावून घेणं कमी होईल.

एक विचारायचं होतं. जवसाचं तेल चालणार नाही का? आम्ही क्रिकेटच्या बॅटला लावायचो, लाकूड पाणी धरत नसे.

डेल्सचा_भटक्या

अप्पा, जवसाच्या तेलापासूनच हा प्रवास झाला आहे! शिडाच्या जहाजांवरचे खलाशी शिडाच्या कापडाला आधी माशाचं तेल आणि मग जवसाचं तेल लावून त्याच कापडाचे अंगरखे करायचे. जवसाचं तेल हवेने सुकतं आणि त्याचा टणक थर होतो, म्हणून बॅटला ते उत्तम. पण कापड थंडीत ताठ होतं, घडीवर तडकतं आणि दिवसांनी पिवळं पडतं. कोळ्यांचे जुने रेनकोट पिवळे असायचे ते त्यामुळेच. १९३० च्या दशकात पॅराफिन मेण मुरवलेलं सुती कापड आलं, ते मऊ राहतं. स्कॉटलंडमध्ये डंडीला हॅली स्टीव्हन्सन्स म्हणून गिरणी आहे, १८६४ पासूनची, ती आजही हे कापड बनवते. बार्बर त्यानंतरचे, १८९४ चे. साउथ शील्ड्स बंदरातले खलाशी, कोळी आणि गोदी कामगार हेच त्यांचं पहिलं गिऱ्हाईक.

आणि सगळ्यांसाठी महत्त्वाचं: जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो.

टाइनकाठची ताई, आतल्या लेबलवर राजघराण्याची चिन्हं किती आहेत? राजघराण्याला माल पुरवण्याचा मान मिळाला की ते चिन्ह लेबलवर येतं, त्यावरून जॅकेटचं वय कळतं. बार्बरचा पहिला मान १९७४ चा, एडिनबराच्या ड्यूकचा. मग १९८२ मध्ये राणीचा आणि १९८७ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सचा. बोफर्ट हा नमुनाच १९८३ चा.

टाइनकाठची

तीन आहेत! म्हणजे १९८७ किंवा त्यानंतरचं. माझ्याकडे येण्याआधीही त्याने बरीच वर्षं पाऊस झेलला असेल तर.

अप्पा, तुमचं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अगं बाई, मेणकापड होय! मग मेणकापड कुणी पावडरीने धुतं का?" आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा मोकळी हसली. तुमचे मनापासून आभार.

मेणाचे दोन डबे मागवले आहेत. घरात मेणबत्त्या आणि मधमाशीचं मेण आहे, ते मिसळलं तर चालेल का? की उगाच प्रयोग नको?

मुग्धा_लीड्स

नको. मेणबत्तीचं मेण नुसतं लावलं तर थंडीत कडक होऊन घडीवर पांढरं फुटतं. मधमाशीचं मेण चिवट, कॅनव्हासच्या पिशवीला छान, पण जुन्या मेणावर दुसऱ्या जातीचं मेण नीट बसेलच असं नाही. इतक्या वर्षांच्या जॅकेटवर प्रयोग करू नये असं मला वाटतं.

कोथरूडकर

थोडं अवांतर. माझ्याकडे असंच एक जॅकेट आहे, लंडनहून आणलेलं. दर पावसाळ्यात कपाटात बुरशी धरते. काय करावं?

डेल्सचा_भटक्या

कपाटात आणि प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, हवा लागेल असं बाहेर टांगा. बुरशी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, मग गार पाण्याच्या स्पंजने पुसून पूर्ण वाळवा. मे महिन्यात माळ्यावर तर अजिबात नको, मेण पाझरून शेजारच्या कपड्यांना लागेल.

टाइनकाठची

शनिवारी केलं, म्हणून सांगायला आले.

सहा पाणी लागली. पहिली दोन तर ताकासारखी होती. दोन दिवस वाळवलं, मग स्वयंपाकघरात टेबलावर जुनी चादर अंथरली. मी डबा गरम पाण्यात कसा ठेवायचा ते समजावत होते, तर आई म्हणाली, "थंडीत खोबरेल तेलाची बाटली ठेवतो तशीच ना?" आणि माझ्या हातून डबा घेतला. मेण वितळताना कडेने आधी पातळ होतं आणि मधे पिवळसर गोळा तरंगत राहतो, थेट थिजलेल्या तुपासारखं. फडक्याने शिवणीत नीट जाईना, तर तिने अंगठ्याने भरायला सुरुवात केली. डाव्या खांद्यापासून बगलेपर्यंतची अख्खी शिवण तिने अशी बोटाने भरली आहे. मी मागून ड्रायर फिरवत होते. भटक्यांनी लिहिलं होतं तसं कापड गडद होत गेलं आणि पांढऱ्या रेघा डोळ्यांदेखत विरल्या. चार तास लागले. पावणेदोन डबे संपले.

आज सकाळी ते घालून मी शॉवरखाली उभी राहिले आणि आई दारातून बघत होती. खांद्यांवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहून घरंगळले. पाठ कोरडी, उजवी बाही कोरडी. तिचा चेहरा इतका खुलला की काय सांगू.

एकच जागा राहिली. डाव्या कोपराच्या जुन्या ठिगळाच्या टाक्यांतून पाणी आत येतं. मी तेव्हा पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलं होतं, सुईची भोकं उघडी दिसतात. ते उसवून पुन्हा शिवू का? आता मेण लावून झालंय, सुई चालेल का?

मुग्धा_लीड्स

उसवा. सुई चालते, फक्त मधूनमधून पुसत राहा, मेणाने अडकते. सुती दोरा घ्या. ओला झाला की फुगतो आणि भोक भरतो, पॉलिएस्टर फुगत नाही. ठिगळ आधीपेक्षा बोटभर मोठं कापा, म्हणजे नवी शिवण जुन्या भोकांच्या बाहेर पडेल आणि जुनी भोकं ठिगळाखाली झाकली जातील. मेणाचं कापड अर्धा मीटरसुद्धा मिळतं. शिवून झाल्यावर टाक्यांवर उरलेलं पाव डबा मेण.

टाइनकाठची

कापड मागवलं, गुरुवारी येईल. सुती दोऱ्याचं रीळ आईच्या बॅगेतच निघालं, ती कुठेही जाताना सुई-दोरा घेऊनच निघते. काळा आहे. हिरवा मिळेपर्यंत थांबू या का म्हटलं, तर म्हणाली, "कोपरावर कोण बघतंय? गुरुवारीच बसू."